बाथटबमधली तपश्चर्या

दुधाचे रिकामे खोके जपानात धुवायचे, कापायचे, वाळवायचे, सुतळीने बांधायचे आणि ठरलेल्या दिवशी खाली नेऊन ठेवायचे. मग गाडी येते आणि घेऊन जाते. किश्श्यांची तशी काही सोय नाही. ते साचतच जातात. आमच्या फोटोच्या कट्ट्याचे तर इतके साचलेत की दोन-चार आज बाहेर काढून ठेवतो!

कट्टा म्हणजे तोक्योतल्या कोतो भागात, आमच्या बिल्डिंगीतली पाच-सहा मराठी घरं. मी मुलाकडे सहा महिने राहायला गेलो होतो. दर रविवारी ही मंडळी जमून एकमेकांचे फोटो बघायची. तेव्हाचा विषय होता, ‘घरातल्या घरात स्वतःचा गमतीचा फोटो’. बटणही स्वतःच दाबायचं. दुसऱ्याचं बोट लागलं की फोटो बाद!

* * *

पहिला नंबर देशपांड्यांचा. कॉम्प्युटरमधला मोठा माणूस. त्यांनी मोबाइल फ्रिजच्या आत ठेवला, टायमर लावला आणि श्रीखंड चोरताना पकडला गेलेला चोर म्हणून स्वतः बाहेर उभे राहिले. उजेड फक्त फ्रिजच्या दिव्याचा. कल्पना झकास!

पण पहिल्या फोटोत डोळे मिटले. दुसऱ्यात चमचाच दिसेना. तिसऱ्यात तोंड वाकडं. आणि दर वेळी अॅक्टिंग खरी वाटावी म्हणून एक चमचा श्रीखंड खरंच तोंडात!

फोटो जमला तेव्हा डबा रिकामा. श्रीखंड कट्ट्यासाठी केलेलं होतं. वहिनी म्हणाल्या, “फोटो कशाला दाखवताय? पुरावा पोटात आहे, तोच दाखवा!”

* * *

आता माझं सांगतो. मी चौथी शिकलेला. कराडला लग्नाच्या मांडवात लाइट बांधायचो. उजेडातलं कळतं, कॅमेऱ्यातलं काही नाही. पण मला फोटो काढायचा होता तो बायकोसाठी, कराडला राहिलेल्या आमच्या तारासाठी.

मी तिकडे असतानाच तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचा नंबर लागला. “तुम्ही येऊन काय गुडघा धरून बसणार? राहा तिकडंच,” म्हणाली. ऑपरेशन चांगलं झालं. पण नंतर बाई गप्पच झाली. डॉक्टर चाला म्हणत, ही खाट सोडेना. काठी उशाशी, आणि काठी धरूनही उंबऱ्यापर्यंत जायची नाही. पडेन म्हणायची.

एक दिवस व्हिडिओ कॉलवर म्हणाली, “तुम्ही फोटो पाठवता ते सगळे हार घालायला काढल्यासारखे! एकात तरी दात दाखवा.”

मी मनाशी म्हटलं, दाखवतो.

* * *

माझी कल्पना अशी, की हिमालयात तपश्चर्येला बसलेला साधू. हिमालय म्हणजे आमचा बाथटब. साधू म्हणजे मी, कोरड्या टबात, धोतर नेसून. राहिलं धुकं.

देशपांडे म्हणाले, “आबा, धूप जाळा!”

मी जाळला. तेवढ्यात छतातून एक बाई बोलायला लागली. आग लागल्याचं सांगणारं यंत्र होतं ते. पण काय तो आवाज! इतकी नम्र, की मी हात जोडून तिचं पुरं होईपर्यंत उभाच राहिलो.

सूनबाई मेघना धावत आली. “आबा, ती आग लागलीय म्हणतेय!”

“असं होय? मला वाटलं, स्वागत करतेय.”

तोवर शेजारच्या मोरीसान दारात. ऐंशीच्या पुढच्या आजीबाई. मोठा भूकंप झाल्यापासून त्यांच्या दाराशी पिवळं हेल्मेट टांगलेलं असतं. ते घालूनच आल्या, हातात बादली!

माफी म्हणून मेघनाने दुसऱ्या दिवशी रव्याचे लाडू नेऊन दिले. तिकडे कुणाचं घेऊन गप्प बसत नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडून मिठाईचा डबा आला. मग आपल्याकडून शंकरपाळे, त्यांच्याकडून बिस्किटं. एका धुपावर महिनाभर खाऊ चालला!

* * *

मग मेघनाने शोध लावला. आइस्क्रीम घेतलं की दुकानवाले सोबत कोरडा बर्फ देतात. गरम पाण्यात टाकला की धुकंच धुकं. पण घर किती लांब आहे ते विचारतात आणि त्या हिशेबानेच देतात.

दुकान आमच्या बिल्डिंगीच्या समोर.

मला जास्त बर्फ हवा होता. मी मान खाली घालून, पाठ केलेल्या जपानीत म्हटलं, “दोन तास.”

काउंटरवरच्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. रोज मला समोरच्या दारातून येता-जाता बघायची ती. आता पकडलो गेलो, असं वाटलं. तिने माझ्या पायांकडे पाहिलं, हळूच मान हलवली, तीन पिशव्या बर्फ दिला आणि हात धरून मला रस्ता ओलांडून दारापर्यंत सोडलं!

तेव्हापासून त्या दुकानासमोर मी मुद्दाम आणखी हळू चालायचो. खोटं पडायला नको.

* * *

तयारी जोरात. भूकंप आला तर म्हणून भरून ठेवलेल्या बॅगेतली बॅटरी काढली, तिला मेघनाची निळी ओढणी गुंडाळली. मांडवात नवरीच्या खुर्चीमागे असाच निळा उजेड सोडायचो मी. खिडकी उघडी, पंखा चालू, बर्फाला हातमोजे.

टायमर दहा सेकंदांचा. बटण दाबायचं, टबात चढायचं, मांडी घालायची, दात दाखवायचे. दहा सेकंदांत मला चष्मासुद्धा सापडत नाही!

मेघनाने फोटो बघितले. “आबा, अकरा फोटो आहेत. अकराही पाठीचे. साधू हिमालय सोडून पळालेला दिसतोय.”

“पळत कुठं होतो? जात होतो.”

* * *

शेवटी गॅलरीतला कपडे वाळवायचा लांब बांबू आणला. आधीच टबात मांडी घालून बसलो. मेघनाने बादलीतल्या बर्फावर गरम पाणी ओतलं आणि ती बाहेर झाली. धुकं भसाभसा वर आलं, माझ्यामागच्या खिडकीतून बाहेर, सगळ्या घरांच्या सामाईक व्हरांड्यात गेलं. मी बांबूने नेम धरला, दात काढले आणि बटण दाबलं. खट!

फोटो लगेच ताराच्या फोनवर पाठवला आणि तिच्या सोबतीला असलेल्या पुतणसून रेखाच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला. तारा खाटेवर बसून फोटो बघत होती. फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ आणला.

मग तिचे खांदे हलायला लागले. फोन पदरात धरून ती उठली आणि सरळ दाराबाहेर गेली. मागोमाग रेखा. आमच्या फोनवर नुसती जमीन, चपला, अंगण.

“मेघना,” मी हळूच विचारलं, “काठी?”

“खाटेलाच टेकून राहिलीय, आबा.”

कुंपणापाशी ताराचा आवाज आला, “सुमे, ए सुमे! बघ आमचं ध्यान! तपश्चर्येला बसलंय!”

शेजारच्या सुमनने फोन हातात घेतला. “अगं बाई! आणि ही मागं खिडकीत कोण, पिवळं हेल्मेट घातलेली?”

“ती?” तारा म्हणाली. “अप्सरा असंल. तिकडं हेल्मेट घालून येतात!”