दुसऱ्या सीटचा पट्टा

सुभाष गेल्या महिन्यात, शनिवारी सकाळी, पलूसजवळच्या आपल्या द्राक्षबागेत कोसळला. दवाखान्यात पोचण्याआधीच तो गेला. कारण हृदयविकार. फोन त्याच्या मुलाचा आला. दिनकरला कळवलं का, असं मी विचारलं. कळवलं होतं... माझ्या आधी.

सुभाष आणि मी शाळेत एका बाकावर होतो. पुढे तो सैन्यात वैमानिक झाला, मी सांगलीत बातमीदार. निवृत्तीनंतर त्यानं एक जुनं दोन आसनी विमान घेतलं आणि कराडला धावपट्टीलगत पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं. रविवारी दुसरी सीट माझी असे. कृष्णेचं वळण, उसाचे पट्टे, आगाशिवाचा डोंगर. तो बोट दाखवी, मी बघे.

गेल्या दसऱ्यानंतर विमान थरथरू लागलं. इंजिनानं वेग घेतला की समोरचे काटे नाचत. सुभाषनं फलटणहून दिनकरला बोलावलं. सैन्यात तो सुभाषच्याच तुकडीत इंजिनं पाहायचा. त्यानं प्लग बदलले, इंजिनाखालची रबरं तपासली, पंख्याचे बोल्ट पुन्हा आवळले. प्रत्येक दुरुस्तीनंतर दोघं चाचणीला आत बसत आणि मी शेडच्या दारात उभा. त्यांच्या बोलण्यात अशा ठाण्यांची नावं येत, जिथे मी कधी गेलो नव्हतो. एकदा मलाही बसव म्हणालो.

"तुझ्या बुडाला काय कळतंय गड्या," सुभाष म्हणाला. "खुर्चीत मुरलंय ते. दिनकरला बसल्या बसल्या समजतं, थरथर कुठनं येतीया."

दिनकर खाली बघून हसला. ते हसणं माझ्या लक्षात आहे.

घरी येऊन मी फोनमधले विमानाचे फोटो काढून बसलो. दिनकरला जे सापडत नाही ते मला सापडावं, एवढंच डोक्यात होतं. खंडेनवमीला सुभाष विमानाची पूजा करी. या वेळी पूजेआधी त्यानं पंख्याच्या मध्यावरची टोपी काढून रंगवली होती. उन्हाळ्यातल्या फोटोत टोपीवरचा पोचा लाल ठिपक्याच्या पात्यालगत होता. पूजेच्या फोटोत, झेंडूच्या हाराखाली, तो दुसऱ्या पात्यालगत दिसत होता. पंखा आणि टोपी यांचा तोल एकत्र साधलेला असतो. जुळणीची खूण रंगाखाली गेली होती आणि टोपी उलट बसली होती.

शुक्रवारी दोघांना फोटो दाखवले. दिनकरनं टोपी फिरवून बसवली. इंजिन चालू केलं, काटे स्थिर राहिले.

"व्हय, हेच हुतं," दिनकर म्हणाला. "फोटूत गावलं बगा."

सुभाषनं माझ्या पाठीवर थाप मारली. मी सीटकडे निघालो.

"आज दिनकर," तो म्हणाला. "वर जाऊन खात्री व्हायला पायजे. आयतवारी तू."

दोघं उडाले. मी खालून बघत राहिलो, विमान आगाशिवाकडे वळेपर्यंत. उतरल्यावर दिनकरनं थरथर गेल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी शनिवार होता.

तेराव्यानंतर सुभाषच्या मुलानं मला शेडची किल्ली दिली. विमान तिथेच आहे, टोपी बरोबर बसलेली आहे. मी दुसऱ्या सीटवर बसलो. पट्टा दिनकरच्या मापाला आवळलेला होता. माझ्या पोटावरून बक्कल पलीकडे पोचलं नाही.