रोज थोडे थोडे काढलेले पैसे

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते थोरल्या आत्याचे. चांदवडच्या शाळेतून मी नाशिकला कॉलेजात आलो, तेव्हा नाशिक रोडच्या आपल्या दोन खोल्यांत तिने मला ठेवून घेतलं. ती सरकारी कचेरीत कारकून आहे, एकटीच राहते. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो, तो तिच्यामुळे.

मागच्या वर्षी कारखान्याने मला नव्या मशीनचं काम शिकायला जर्मनीला पाठवलं. खोली त्यांची, जेवणाचे पैसे परत आल्यावर मिळणार होते. माझ्याकडे क्रेडिट कार्ड नव्हतं. आत्याने आपल्या खात्यावर मला दुसरं कार्ड काढून दिलं.

"मर्यादा दोघांची मिळून एकच हे," ती म्हणाली. "आन् परक्या मुलखात खिशात लय पैसे ठेवू नको."

तिथे मी रोज कामावरून परतताना एटीएमवर थांबायचो आणि दुसऱ्या दिवसापुरते पैसे काढायचो. घरी आम्ही चहा-साखरसुद्धा रोजच्या रोज पुडीतच आणत आलो. थोडं आणलं की थोडंच खर्च होतं. कार्डाचं बिल पुढच्या महिन्यात येतं, तोवर व्याज नाही, एवढंच मला ठाऊक होतं.

एके दिवशी मशीनपाशी उभा असताना आत्याचा फोन आला. मागे माणसांचा गलका.

"कामात हेस का रे?"

"बोल ना."

"दवाखान्यात आलेय. पित्ताशयात खडे झालेत, उद्या दुपारी ऑपरेशन. तुला सांगणार नव्हते, पण इथं डिपॉझिट भरायला कार्ड चालेना. तू काही मोठं घेतलंस का तिकडं?"

"नाही गं! जेवणापुरते काढतो, रोज."

"थांबा हो बाई," ती काउंटरवर कुणाला तरी म्हणाली, "पोट धरून मी कुठं पळतेय?"

फोन चालू ठेवूनच मी बँकेचं ॲप उघडलं. प्रत्येक रकमेखाली रोख काढल्याची फी, परकीय चलनाचा आकार आणि त्यांवरचा कर. रक्कम कितीही लहान असली तरी फी एका ठरावीक आकड्याखाली उतरत नव्हती. आणि रोख रकमेवर व्याज पहिल्या दिवसापासून. या सगळ्याची भर पडून कार्डाची मर्यादा संपली होती. सगळे पैसे एकदम काढले असते, तर ती कमीत कमी फी रोज रोज लागली नसती आणि आत्याचं कार्ड चाललं असतं.

"जाऊ दे," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यात बघू."

"डॉक्टर थांबा म्हणालेत का?"

"ते उद्याच म्हणतात," ती म्हणाली.

माझ्याबरोबर कारखान्यातले एक वयस्कर फिटर आले होते. माझा चेहरा पाहून त्यांनी विचारलं, तेव्हा मी सगळं सांगितलं.

"अरे येड्या, रडायचं नंतर. आत्याचा नंबर दे आधी."

त्यांनी आपल्या खात्यातून फोनवरच पैसे पाठवले.

"आले का गं?"

"नाय अजून."

"माझ्याकडून तर गेलेत," फिटर म्हणाले. त्यांनी आपला फोन माझ्यापुढे धरला. पलीकडे कुणीतरी पुढचा पेशंट पुकारला. मी दोनदा विचारलं, दोनदा ती नाय म्हणाली.

"आले रे! पावती करतायत."

त्या संध्याकाळी मी तिला फोनवरच पत्र लिहून पाठवलं. मायना नसला की तिला ते पत्र वाटत नाही.

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुला आत नेतील तेव्हा मी कामावर असेन, पण फोन हातात ठेवायची परवानगी घेतली आहे. त्या एटीएमकडे आता जात नाही. फिटरकाका मला जेवू घालतात. दवाखान्यासाठी पाठवलेले त्यांचे पैसे मी पगारातून फेडीन, तू त्यात पडू नकोस. फीचा घोळ मी परत आल्यावर समजावून सांगेन, तेव्हा हवं तेवढं बोल. मात्र दुखणं माझ्यापासून लपवलंस, याचा मला राग आला आहे. शुद्धीवर आलीस की बोलायचे कष्ट घेऊ नकोस. नुसता मिस्ड कॉल दे.