तिरकी बाजू

भूकंपात आमचं रेणापूरचं घर उभं राहिलं, पण छपराखालच्या दोन्ही टोकांच्या त्रिकोणी दगडी भिंतींना भेगा गेल्या. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्या उतरवून तिथं पत्रा मारायचं ठरवलं आणि गावातल्या पत्रेवाल्या चाचांना बोलावलं. मी लातूरला शिकवणीला होते, दिवाळीच्या सुट्टीत घरी आले होते. गणितात वर्गात पहिली.

चाचांनी दोरीनं माप घेतलं. पाया सोळा फूट, मधली उंची सहा. तेवढा एक चौकोन आणला की दोन्ही टोकं त्यातनंच निघतील, म्हणाले. मी वही काढली. पाया गुणिले उंची, भागिले दोन. उंची म्हणून मी छपराची उतरती बाजू धरली, दहा फूट. पत्रा दीडपटीहून जास्त लागेल असं उत्तर आलं. शेजारपाजारचे बघत होते. मी हसून म्हणाले, "चाचा, अंदाजाचं काम नाही हे. याला सूत्र असतं."

आबांनी माझ्या उत्तराप्रमाणे पत्रा आणला.

काम संपलं तरी अंगणात पत्रे उरलेच. पोरीचं चुकणार नाही, चाचांनीच जोडावर पत्रा कमी चढवून तुकडे आखूड कापले, असं आबांना वाटलं आणि ते चाचांना तसं तोंडावर बोलले. मी वही पडताळत होते. तेवढ्यात मला उंचीच्या जागी, सहाऐवजी, तो दहाचा आकडा दिसला. मी वही मिटली. चाचांनी एकदाच माझ्याकडं पाहिलं, कात्री पिशवीत टाकली आणि निघून गेले. त्यानंतरही आबा त्यांना कामाला बोलवत, पण दरवेळी "माप नीट घे" असं बजावून.

पुढं मी लातुरातच शिकवण्या घेऊ लागले. पोरं गावोगावहून यायची. त्रिकोणावर लंब काढताना मी फळ्याकडं तोंड करून उगीच रेंगाळायची. शेवटी एका उन्हाळ्यात चाचांच्या दुकानात गेले आणि चूक माझी होती, असं सांगितलं.

ते बादलीचं बूड ठोकत होते. म्हणाले, "म्हाईत हाय बेटी. बापाला सांगितलंस का?"

नव्हतं सांगितलं. त्या दिवशी सांगितलं. आबा उद्या जाऊन चाचांना भेटतील असं मला वाटलं, पण ते गेले नाहीत. दुकानावरनं जायचंच त्यांनी सोडलं. पुढच्या पावसाळ्यात छप्पर गळलं, तेव्हा त्यांनी लातुराहून दुसरा माणूस आणवला.

चाचांना आमच्या घरचं काम पुन्हा कधी मिळालं नाही.