सोमवारी चालणारा ताहू

गोव्याला निघालेली माणसं पिशवीत पोहायचे कपडे भरतात म्हणे. माझ्या पिशवीत सोयाबीन होतं. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी, आणि पदवीचा पहिला थोर उपयोग असा की गडहिंग्लजपासून मांडीवर गाठोडं घेऊन आंबोली घाटाच्या वळणांवर जीव मुठीत धरून बसले होते.

"गोव्यात कडधान्य मिळत नाही वाटतं?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

"मिळतं की. पण हे आमच्या दाजींना घरात बांधून ठेवायला नेतेय."

बाई जरा सरकून बसल्या.

खोटं काही बोलले नव्हते. आक्काचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, तारवटी (बोटीवर नोकरी करणारा) होते. बोटीच्या भटारखान्यात जगाला जेवू घालायचे आणि घरच्या ताटावर कधीतरी पाहुण्यासारखे बसायचे. आता पुन्हा बोलावणं आलं होतं आणि आक्काला सातवा महिना लागला होता. दाजींना या खेपेला जायचं नव्हतं. किनाऱ्यावर गोरे लोक वाढले होते. त्यांच्यासाठी पडवीत खाणावळ काढायची आणि जावा बेटावर शिकलेला कुरकुरीत ताहू विकायचा, असा त्यांचा बेत. ताहू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर, तळलेलं. फक्त चूल दाजींच्या आईची होती, आणि ती मिळवणं जावापेक्षा लांब होतं.

पेडण्यात उतरले. गोवा नुकतंच राज्य झालं होतं आणि भिंतीभिंतीवर मराठी नि कोकणी एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या. चोपड्याच्या बसमधल्या कंडक्टरने हाक कोकणीत मारली, तिकीट मराठीत फाडलं आणि सुट्ट्यांवरून हिंदीत ओरडला. राजभाषेचा प्रश्न त्याच्यापुरता सुटला होता.

चोपडं शापोरा नदीच्या काठावर आहे. माड, उलट्या घातलेल्या होड्या, कुंपणावर वाळणारी जाळी. वर्णन करावं इतकं सुंदर. पण आक्का दारातच उभी होती आणि तिचा चेहरा वर्णन करण्यासारखा नव्हता.

"सोयाबीन आणलंस न्हवं?" माझ्या आधी तिने गाठोडं आत घेतलं. "सासूबाईंनी अट घातलीय. सोमवारी आमच्यात शिवराक (मासे-मटणाशिवायचं जेवण). त्या म्हणतात, सोमवारी जे माझ्या तोंडात जाईल तेच पडवीत विकायचं. न्हाईतर यांनी बोट धरायची."

रविवारी दुपारी बांगड्याचं हुमण (नारळाची आमटी) आणि उकड्या तांदळाचा भात झाला. मावशींनी, म्हणजे दाजींच्या आईने, मला तिसऱ्यांदा वाढलं आणि भिजत घातलेल्या सोयाबीनकडे पाहिलं.

"हांचें दूद काडटले?"

"हो मावशी."

"बियांचें दूद! आनी ती बी व्याली केन्ना (कधी)?"

मी पदवी बाजूला ठेवून सोयाबीनचं पाणी बदललं.

सोमवारी सकाळी रगड्यावर (वाटायच्या दगडी उखळात) सोयाबीन वाटलं, फडक्यातून गाळलं, उकळलं. आता दूध फाडायचं. दाजींनी बोटीवरच्या रुबाबात व्हिनेगरची बाटली काढली.

"विनागर?" मावशी देवघरातून ओरडल्या. "तें सुरेचें रे! सोमारा म्हज्या चुलीर सूर?"

माडीचं व्हिनेगर बाद. धण्यांबरोबर वाटायला घेतलेली लसूण बाद. सोमवारी लसूणसुद्धा चालत नव्हती. जावाची काळी गोड चटणी तर मुळात नव्हतीच. तिच्या जागी माडाचा गूळ आणि मिरची आली. पाकक्रिया अशी इंडोनेशियाहून निघून हळूहळू चोपड्याला पोचत होती.

शेवटी दूध फाडायला आगळ (कोकमाचा रस) ओतलं. दूध फाटलं, झकास फाटलं. फक्त गोळा गुलाबी निघाला.

मावशी जवळ आल्या, वाकल्या.

"हीं सुंगटां (कोळंबी) न्हय मगो?"

"आई, सोलांचो रंग तो!" दाजी कळवळले.

"पंद्रा वर्सां बोटीर आसलो. ताका रंग कळटा, म्हाका कळना." आणि त्या जपमाळ घेऊन बाहेर जाऊन बसल्या.

पोटावर हात ठेवून आक्काने कोपऱ्यातल्या दाजींच्या ट्रंकेकडे पाहिलं, आणि मग उठून गोळा फडक्यात गुंडाळला, वर अंगणातला चिरा ठेवला. पाणी निथळेपर्यंत थांबा, असं दाजी म्हणाले. मी म्हटलं, पाण्याचं काय, ते तेलात आपोआप उडून जाईल. एक तुकडा तसाच सोडला. पाणी उडालंच, पण तेल घेऊन. दाजी बोटीवर कधी उडाले नसतील इतके उडाले.

"शिकलीय," आक्का म्हणाली, "थांबायचं फक्त शिकवलं न्हाई तिला."

मग थांबलो. निथळलेल्या गोळ्याच्या वड्या पाडल्या, धणे-मिठाच्या पाण्यात बुडवल्या, पुसून कोरड्या केल्या आणि खोबरेल तेलात दोनदा तळल्या. गुलाबी रंग गेला, सोनेरी आला. चमचा लावला की खडखड वाजायच्या. आक्काने ताटली बाहेर नेली आणि मावशींसमोर धरून उभी राहिली. मांडली नाही, धरून उभी राहिली.

"मिठाची आण, आई. ह्यात मासळी न्हाई."

मावशींनी माळ बाजूला ठेवली, एक वडी गुळाच्या चटणीत बुडवली. कुर्रकन आवाज झाला. दुसरी उचलली. तिसरी उचलताना दाजींकडे बघितलंसुद्धा नाही.

"आई?" दाजी म्हणाले.

"उगी राव (गप्प रहा). खावंक दी." ताटली संपवून त्यांनी पदराला हात पुसले. "चूल दितां. पूण तळटलें हांव. तुका तेल केन्ना तापलें तें कळना. तूं पाकल्यांक (गोऱ्यांना) वाडपाक राव."

पंधरा वर्षांचा आंतरराष्ट्रीय आचारी एका वाक्यात वाढपी झाला. इतक्या आनंदाने खाली घसरलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

पडवीत खाणावळ सुरू झाली, आणि मी परतले त्या दिवशी आक्का बसथांब्यापर्यंत आली. या थांब्यावरून तिने नवऱ्याला इतक्या वेळा निरोप दिला होता की बस दिसली की तिचे डोळे आपोआप भरायचे. मीही तयारीने रुमाल काढून ठेवला. तेवढ्यात घराकडून हाक आली, "सूनबाये, तेल तापलें गो! आनी बेगीन यो, पडवेंत पाकले बसल्यात!"

"पोचलीस की कळव," एवढं म्हणून आक्का वळलीसुद्धा. बस सुटली तेव्हा ती अर्ध्या वाटेवर होती आणि पडवीतून दाजी हातात ताटल्या घेऊन तिला घाई करत होते. गावी सगळे विचारतात, गोव्यात काय पाहिलंस? समुद्र पाहायचा राहिलाच. दाजी मात्र घरी पाहिले.