निघताना काय म्हणायचं

माझी मावशी हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात चादरींना इस्त्री करते. एकतीस वर्षं झाली. रुळांच्या मोठ्या यंत्रात एका बाजूनं ओली चादर सारायची, दुसऱ्या बाजूनं कडकडीत कोरडी ओढून घ्यायची. या कामात तिचा हात धरणारं कुणी नाही. बोलण्यात मात्र तिचा पहिल्यापासून आनंदीआनंद. मला हाक मारायची तर आधी माझ्या आईचं नाव, मग माझ्या धाकट्या बहिणीचं, मग 'अगं तू गं' असं करत ती माझ्यापर्यंत पोचते. अशा बाईनं साठीला टेकल्यावर परकी भाषा शिकायला घेतली, तेव्हा मी कपाळावर हात मारून घेतला.

कारण सगळ्यांना माहीत होतं. तिचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, नोकरीला परदेशी गेला, तिथल्याच मुलीशी लग्न करून राहिला आणि गेल्या वर्षी आठ दिवसांच्या आजारात गेला. तो होता तोवर दर रविवारच्या फोनवर सासूसुनेतला दुभाषा तोच. आणि लबाड दुभाषा. मावशी म्हणायची, "तिला म्हणावं, केस विंचरत जा जरा." हा तिकडे काहीतरी पुटपुटायचा आणि सून लाजून आभार मानायची. तो गेल्यावर फोनच्या एका टोकाला मावशी, दुसऱ्या टोकाला सून आणि सात वर्षांची नात, पिटुकली, अशा तिघी नुसत्या एकमेकींकडे बघायच्या, हात हलवायच्या. अर्ध्या तासाचा फोन चार मिनिटांवर आला.

"हा फोन बंद पडला ना," मावशी मला म्हणाली, "की ती पोर मला विसरली म्हणून समज."

मी म्हटलं, अगं फोनच बाईच्या आवाजात भाषांतर करून देतो हल्ली, तू कशाला डोकं शिणवतेस? तर म्हणे, आमच्यात ती तिसरी बाई कोण? घ्या.

गुरू मिळाले तेही असे. खालच्या मजल्यावरचे बोटकाका. त्या देशाच्या बोटीवर अठरा वर्षं आचारी होते. भाषा फाडफाड बोलायचे, वाचायला एक अक्षर येत नव्हतं. त्यांची पद्धत साधी होती. व्याकरण गेलं खड्ड्यात. रोज एकच वाक्य घ्यायचं, दिवसभरात दहा जणांना ऐकवायचं, समोरच्याला कळो न कळो. आणि हाताला जे लागेल त्याचं नाव घेत काम करायचं. मावशी चादरी मोजायची ती त्या भाषेत. बावीसच्या पुढं तिला येत नव्हतं, म्हणून बावीस झाल्या की पुन्हा एकपासून. खात्याचा हिशेब महिनाभर कुणाला लागत नव्हता.

वस्तूंवर चिठ्ठ्या चिकटवायची कल्पना माझी, हे कबूल करते. आपल्याच लिपीत त्यांचे शब्द लिहून तिनं घरभर लावले. उत्साहाच्या भरात कामावरही. एक चिठ्ठी उशीच्या अभ्र्याबरोबर वॉर्डात पोचली आणि एका आजोबांनी ते औषधाचं नाव समजून नर्सच्या मागं भुणभुण लावली, की हे मला अजून का दिलं नाही. घरी मिठाची चिठ्ठी गळून साखरेच्या डब्याला लागली ती कुणाच्या लक्षात आली नाही. त्यामुळे मावशी आजही त्या भाषेत साखरेला मीठ म्हणते.

शिवाय काकांची सगळी भाषा भटारखान्यातली. सून एकदा फोनवर रडायला लागली, तर तिला 'शांत हो' कसं म्हणायचं हे मावशीला कुठं माहीत? ती म्हणाली, "आच कमी कर." सून रडता रडता थांबली, बघत राहिली आणि फस्सकन हसली. मला वाटलं, झालं, आता काही खरं नाही. पण फोन त्या दिवशी वीस मिनिटं चालला. हे शिकणं म्हणायचं की न शिकणं, मला काही कळेना.

मग मावशीनं काकांना विचारलं, फोन ठेवताना काय म्हणायचं? काकांनी उलट विचारलं, तू काय म्हणतेस? ती म्हणाली, "येते." काकांनी शब्दाला शब्द ठेवून दिला. बोटीवर त्यांना कप्तानाच्या हाकेला 'आलो, आलो' एवढंच म्हणावं लागायचं, तिथं निरोप कोण घेतो? तेव्हापासून दर रविवारी मावशी त्यांच्या भाषेत ठणठणीत आवाजात म्हणायची, "येते," आणि फोन ठेवायची.

असे सहा रविवार गेले. सातव्याच्या आधी सुनेचा लेखी निरोप आला. काकांना वाचता येईना, म्हणून मी तो गुपचूप फोनच्या त्या तिसऱ्या बाईला दिला. तिनं तिच्या ठोकळा मराठीत सांगितलं: 'आई, आपण दर वेळी येत असल्याचे कळवता. कोणत्या दिवशी? लहान मुलगी रविवारी खिडकीत बसते. तिने आपला अर्धा पलंग रिकामा केला आहे.'

मी दोनदा वाचलं. मग माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे मी त्या पोरीला सहा वेळा फसवलं?"

आम्ही तिघं बसलो. काकांनी खजील होऊन नवीन वाक्य बांधून दिलं: माझी चूक झाली, मला 'जाते' म्हणायचं होतं. मावशी पहिला भाग घडाघडा म्हणायची आणि 'जाते'पाशी येऊन अडायची. पाच वेळा, दहा वेळा. मी वैतागले. अगं एवढं 'झाकण ठेव' येतं, 'कांदा बारीक चीर' येतं, एवढा एक शब्द येत नाही?

"शेवटच्या फोनला तो 'जातो' म्हणाला होता," ती म्हणाली. "मी रागावले, येतो म्हण म्हटलं. तर हसून म्हणाला, आई, इकडे असंच म्हणतात."

काका उठून खिडकीपाशी गेले. मला माझीच लाज वाटली.

रविवारी फोन वाजला. वाक्याचा कागद मी तिच्यासमोर धरून बसले होते. पडद्यावर पिटुकली, मागं सून. मावशीनं कागदाकडे पाहिलंच नाही. अजून कुणी काही बोललंही नव्हतं, आणि ती म्हणाली, "येते."

निघताना नाही, सुरुवातीलाच. पिटुकलीनं काहीतरी विचारलं. बहुतेक, कधी? काकांनी वार शिकवले होते, महिने शिकवायचे राहिले होते. मावशी म्हणाली, "रविवारी." कुठला रविवार, देव जाणे. सुनेनं तोंडावर हात ठेवला. मावशी माझ्याकडे वळली, आधी माझ्या आईचं नाव घेतलं, मग धाकटीचं, मग म्हणाली, "अगं तू गं, पासपोर्टला किती दिवस लागतात?"

फोन ठेवायची वेळ आली तेव्हा पोरगी पडद्याजवळ आली आणि तिच्या भाषेत म्हणाली, "येते." तुला न्यायला येते म्हणाली, की आजीसारखा निरोप घेतला, मला काही समजलं नाही. मावशीला समजलं असावं. तिनं मान डोलावली आणि पहिल्यांदाच फोन पोरीला ठेवू दिला.