बोळातली पाजणी

काल सुनेने सुती साडीला खळ घातली. तो आंबूस वास आला आणि शहापुरातला आमचा बोळ आठवला.

आप्पा विणकर. सूत मागावर चढवण्याआधी ताणा, म्हणजे उभे धागे, बोळभर ताणून त्याला खळ पाजावी लागे. ऊन चढायच्या आत सात-आठ जणांनी एकदम कुंचे मारायचे. शेजारी यायचे, आम्ही त्यांच्याकडे जायचो. मग एकेक घर इचलकरंजीच्या यंत्रमागांवर गेलं. आप्पा म्हणायचे, "जाऊ देत. आपण न्हाय हलायचं."

त्या सकाळी आई, आप्पा आणि मी, तिघंच होतो. आप्पा कुंचा घेऊन पळत होते. ते या टोकाला येईतो त्या टोकाची सुतं वाळून एकमेकांना चिकटली.

"कोण येतंय का बघ गं," आप्पा आईला म्हणाले.

"कुणाच्या दारात बघू? समदी कुलपं हायत."

आप्पा खाली बसून सुतं सोडवू लागले. तुटायला लागली तेव्हा म्हणाले, "व्हय. जाऊया."

मी खूश झाले. मला इचलकरंजी बघायची होती. आप्पांचं काय गेलं ते कळायला मला म्हातारं व्हावं लागलं.

निघताना कुलूप लावून आप्पांनी सवयीने हाक दिली, "घराकडं जरा ध्यान असू द्या." बोळात ऐकायला कुणी नव्हतं.