काकूला सांगू नकोस

"काकूला सांगू नकोस हं," हे काकांचं पहिलं वाक्य. नमस्कार, कशी आहेस वगैरे सगळं त्यानंतर. बेल वाजली की दारात काका ताठ उभे असायचे, मिशा नीट विंचरलेल्या आणि एक हात पाठीमागे. त्या हातात कधी कान तुटलेला कप असायचा, कधी कोपऱ्यावरच्या दुकानातली पिन्नी, म्हणजे तिकडचा तुपाने थबथबलेला लाडू. साखर वाढल्यामुळे पिन्नी त्यांना बंद होती. ती ते माझ्या ओट्याशी उभ्यानेच खायचे आणि मिशीला तूप लागलं नाही ना, हे मला विचारून मगच वर जायचे.

हवाई दलात अख्खी नोकरी काढलेला हा माणूस बायकोला इतका घाबरतो, याचं मला हसू यायचं. तुम्हीही हसला असतात. खरं म्हणजे काका घाबरत नव्हते. आपल्यापायी तिला फार सोसावं लागलं, हे त्यांच्या मनात ठाण मांडून बसलं होतं, आणि आणखी काही तिच्या कानावर जाऊ नये म्हणून ही सगळी लपवाछपवी चालायची.

ओळख चंडीगडची. मी मोहालीत एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होते आणि त्यांच्या खालच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. निवृत्त झाल्यावरही ते नाशिकला परतले नव्हते, कारण काकूंचं एम.ए. राहिलं होतं. लग्नानंतर दोनदा काकूंनी नाव घातलं आणि दोन्ही वेळा काकांची बदली आडवी आली. एकदा तर परीक्षा तोंडावर असताना घरातल्या पेट्या भरायला लागल्या. आता पन्नाशी उलटल्यावर त्या घरबसल्या परीक्षा देणार होत्या, आणि ती होईपर्यंत पेट्यांना हात लावायचा नाही, असं काकांनी ठरवलं होतं. काकांनी आपला लॅपटॉप पुसूनबिसून, त्याला लाल रिबीन बांधून त्यांना दिला होता.

एका दुपारी काका आले ते तोच लॅपटॉप टर्किश टॉवेलात गुंडाळून.

"काकूला सांगू नकोस हं. ती झोपलीय. हा बघ जरा."

पहिल्या पेपरला लॅपटॉपला कॅमेराच सापडला नव्हता. परीक्षा देणाऱ्याचा चेहरा दिसल्याशिवाय प्रश्नपत्रिका उघडत नाही, असा नियम. काकू पडद्यासमोर बसून राहिल्या आणि पेपरची वेळ निघून गेली. तो पेपर आता थेट पुढच्या सत्रात. बाकीचे पेपर रविवारपासून होते.

"मीच काहीतरी दाबलं असणार, असं म्हणतेय सारखी," काका म्हणाले. "रडली यार ती."

त्यानंतर काकांनी स्वतः दुरुस्ती केली होती. म्हणजे इंटरनेटवर 'कॅमेरा ठीक करा' म्हणणारं जे जे सॉफ्टवेअर दिसलं ते ते उतरवून घेतलं होतं. ती सगळी एकमेकांच्या उरावर बसली आणि लॅपटॉप दर थोड्या वेळाने निळा पडून बंद व्हायला लागला. बाहेरून जोडायचा कॅमेरा मी आणून पाहिला, तर तो जोडताक्षणी पडदा निळा. माझा लॅपटॉप ऑफिसचा, त्यात परीक्षेचं सॉफ्टवेअर घालायला मनाई.

काकांची सगळी दुरुस्ती मी एकेक करून उपटून काढली. निळं पडणं थांबलं. कॅमेरा मात्र यादीत नव्हताच. काच फुटलेली नाही, तार सुटलेली नाही, आणि लॅपटॉप म्हणतोय की मला कॅमेराच नाही. शेवटी तो बंद करून पुन्हा सुरू करताना मी त्याच्या मुळातल्या सेटिंगमध्ये शिरले. तिथे पासवर्ड होता.

काकांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. मग म्हणाले, "तोंड फिरव."

मी भिंतीकडे तोंड केलं. त्यांनी पासवर्ड घातला. वळून बघते तर समोर ओळ होती: कॅमेरा, बंद.

"हे मीच करून घेतलं होतं," काका हळूच म्हणाले. "हवाई तळाच्या आत लॅपटॉप न्यायचा तर कॅमेरा मुळातूनच बंद लागायचा. टेप लावून चालायचं नाही. युनिटमधल्या पोराने केलं आणि मी विसरलो."

मी एक बटण दाबलं. कॅमेऱ्याशेजारचा दिवा लागला आणि पडद्यावर काकांचा चेहरा आला. इतका पडलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

"काकूला सांगू नकोस," ते म्हणाले. "मी सांगतो. परीक्षा होऊ दे, मग सांगतो. पक्का."

रविवारी काका जिन्यात पहाऱ्याला उभे होते. बेलची वायर काढलेली, कुकरला सुट्टी, भाजीवाल्याला खालच्या खालीच परत पाठवलेलं. पुढचे सगळे पेपर त्यांनी असेच उभं राहून काढले. मधल्या दिवसांत ते भांडी घासायचे आणि साबुदाण्याची गोळा झालेली खिचडी करायचे. काकू मला शंकरपाळे देत विचारायच्या, "यांना झालंय तरी काय गं? चांगले वागतायत."

मी शंकरपाळे चावत राहायचे. "मीच काहीतरी दाबलं होतं गं," असं त्या म्हणाल्या की मला पायाखालची फरशी बघावीशी वाटायची.

परीक्षा झाली. काकांनी सांगितलं नाही. सामान बांधून दोघं नाशिकला गेली, तरी सांगितलं नाही. राहिलेला पेपर काकूंनी तिथून दिला.

निकालाच्या दिवशी त्यांचा व्हिडिओ कॉल आला, त्याच लॅपटॉपवरून. काकू पास झाल्या होत्या. केसांत गजरा होता. काका त्यांच्या मागे दाराजवळ उभे होते.

"मागच्याच वर्षी झाले असते गं," काकू म्हणाल्या. "माझाच धांदरटपणा. कुठलं बटण दाबलं कोण जाणे. तेव्हापासून वाटायचं, हे आपल्याच्याने होणारच नाही. यांना न सांगता सोडूनच देणार होते."

मागे काकांनी सावकाश दोन्ही हातांनी आपले कान धरले. मला दिसावं म्हणून. पडद्याच्या कोपऱ्यातल्या लहान चौकटीत काकूंनाही ते दिसतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

काकू बोलता बोलता थांबल्या. मागे न वळता, त्या कोपऱ्याकडे बघतच म्हणाल्या, "अहो, कान का धरलेत?"

काकांनी हात काढले नाहीत. "तो कॅमेरा मी बंद करून ठेवला होता," ते म्हणाले. "तू काही दाबलं नव्हतंस."

काकूंनी चष्मा काढला, पदराने पुसला. बराच वेळ पुसत राहिल्या. मी इकडे मान खाली घालून बसले होते.

"पुढे या," शेवटी त्या म्हणाल्या. "अर्धेच दिसताय."

काका पुढे आले. कान धरलेलेच होते.